दुसरा साक्षीदार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी एक विशाल वेधशाळा उभी राहावयाची आहे. ‘लायगो-इंडिया’ हे तिचे नाव. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि २०३० पर्यंत ती पुरी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हापासून आमच्या खान्देशात एक प्रश्न वारंवार कानांवर येतो. कापसाचा भाव पडतो, एका रात्रीच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहावी लागते. आणि अशा देशाने कोट्यवधी वर्षांपूर्वी कोठे तरी आकाशात झालेल्या टकरीची कंपने मोजण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतावा काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही अडाणी समजत नाही. ज्याच्या घामाचा पैसा, त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आणि तो मागितला म्हणून नाक मुरडणारे विद्वान विज्ञानाचे मित्र नव्हेत. म्हणून तो हिशेब आज आम्ही येथे मांडणार आहोत. मात्र तो मांडून झाल्यावर वाचकांच्या ध्यानी येईल की, तक्रार करावयाचीच असेल तर ती वेगळीच करावयास हवी. या कामी पैसा खर्च झाला, ही खरी तक्रार नव्हे. अर्धेच काम अंगावर घेऊन दुसरे अर्धे आपण वाऱ्यावर सोडले, ही खरी तक्रार आहे.

प्रथम ही गुरुत्वीय लहर म्हणजे काय, ते पाहू. तळ्यात दगड पडला की तरंग उठतात. त्याप्रमाणे प्रचंड वस्तुमानाचे दोन गोल एकमेकांभोवती गरगरत एकमेकांवर कोसळले की खुद्द अवकाशातच तरंग उठतात, असे आइन्स्टाइनने १९१६ साली गणिताने दाखविले. तो तरंग प्रत्यक्ष हाती लागण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरील दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा तरंग टिपला. चार-चार किलोमीटर लांबीच्या त्यांच्या भुजांत पडलेला फरक अणूच्या गर्भातील प्रोटॉनच्या जाडीच्याही हजाराव्या हिश्श्यात मोजावा, इतका सूक्ष्म होता! गोंगाटात बुडालेला असला क्षीण स्वर ओळखून काढण्याचे गणित घडविणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९८० नंतरच्या दशकापासून होते. प्रा. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या त्या संस्थेने हे काम हाती घेतले, तेव्हा असा तरंग कधी काळी सापडेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. मराठी मातीतील माणसे या शोधात पाहुणी म्हणून गेली नव्हती. ती घरचीच होती.

परंतु एक साक्षीदार म्हणजे खटल्याचा निकाल नव्हे. ही गोष्ट धुळ्याच्या लोकांस तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्या शहरात १९२६ च्या अखेरच्या दिवशी देह ठेवला आणि ज्या शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही जुनी दप्तरे सांभाळून आहे, त्या शहरातला कोणताही जाणता माणूस सांगेल की, एकच कागद हाती आला म्हणून इतिहास सिद्ध होत नाही. कागद खोटा असू शकतो, तारीख चुकीची असू शकते, लिहिणाऱ्याने ऐकीव गोष्ट लिहिलेली असू शकते. त्याच प्रसंगाबद्दल दुसऱ्या दप्तरात, दुसऱ्या हाताने लिहिलेला, दुसऱ्या बाजूचा कागद सापडावा लागतो. आकाशाच्या इतिहासालाही हाच न्याय लागू आहे. गुरुत्वीय लहर सांगते की, दोन अवजड गोल आदळले. ते किती जड होते आणि साधारण किती दूर होते, हेही सांगते. पण आदळल्यावर तेथे काय पेटले, कोणते पदार्थ उधळले, कोणत्या दिशेने झोत सुटला, याबद्दल ती मुकी असते. ती साक्ष दुसऱ्याने द्यावयाची असते.

असा दुसरा साक्षीदार १७ ऑगस्ट २०१७ रोजी सायंकाळी, भारतीय घड्याळात सहा वाजून अकरा मिनिटांनी, न्यायासनासमोर उभा राहिला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली, आणि तिच्या पाठोपाठ अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा लोळ अमेरिकेच्या ‘फर्मी’ उपग्रहाने नोंदला. तेरा कोटी वर्षांचा प्रवास करून दोन दूत दोन सेकंदांच्या आत दाराशी पोहोचले! गुरुत्वाकर्षणाचा वेग आणि प्रकाशाचा वेग एकच, हे त्या एका घटनेने जेवढ्या काटेकोरपणे ठरले तेवढे पूर्वी कधीच ठरले नव्हते. पुढील काही तासांत दुर्बिणींना तो प्रकाश सापडला. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही पुढे त्याचा मागोवा घेतला. सोने, प्लॅटिनम यांसारखे जड धातू अशा टकरीत तयार होतात, याचा भक्कम पुरावा मिळाला. जळगावच्या सराफ बाजारात तराजूत पडणाऱ्या सोन्याची जन्मकथा त्या सायंकाळी थोडीफार उलगडली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि आणखी एक साक्षीदार होता, आणि तो आलाच नाही. त्याचे नाव न्यूट्रिनो. विद्युत्भार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही, कोणाशी सहसा देवघेव नाही, असा हा विश्वातील परम विरक्त कण आहे. सूर्यापासून निघालेले न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदास सुमारे साडेसहा हजार कोटी या संख्येने आरपार जातात, आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. पण हीच विरक्ती त्याला उत्तम साक्षीदार बनविते. प्रकाश धुळीत अडतो. विद्युत्भारित कण चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि आपला मूळ पत्ता विसरतात. न्यूट्रिनो मात्र तप्त गोळ्याच्या गाभ्यातून निघून सरळ रेषेत येतो आणि आतली बातमी जशीच्या तशी आणतो. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून पदार्थाचा झोत सुटला आणि त्यातील प्रोटॉन अतिवेगाने किरणांवर आदळले, तर त्यातून असे न्यूट्रिनो जन्मतात. ते सापडले, तर आकाशात कणांना एवढा वेग देणाऱ्या भट्ट्या कोठे आहेत, या जुन्या कोड्याचे उत्तर मिळेल.

म्हणून दक्षिण ध्रुवावरील ‘आइसक्यूब’ वेधशाळेने, भूमध्य समुद्रातील ‘अँटारेस’ने आणि अर्जेंटिनातील ‘पिएर ओझे’ वेधशाळेने मिळून त्या टकरीच्या आगेमागे पाचशे सेकंद आणि नंतरचे चौदा दिवस कसून शोध घेतला. एकही न्यूट्रिनो सापडला नाही. पुढे २०२० पर्यंतच्या निरीक्षणांतून नोंदल्या गेलेल्या नव्वद घटनांसाठीही आइसक्यूबने आपली दप्तरे चाळली. त्यातही विश्वासाने बोट ठेवावे असा कण मिळाला नाही.

मग हा सारा खटाटोप फुकट गेला काय? आमचे उत्तर निःसंदिग्ध ‘नाही’ असे आहे. साक्षीदार गैरहजर राहिला, यालाही अर्थ असतो. २०१७ च्या टकरीतील झोताचे तोंड आपल्याकडे नव्हते, तो आपल्या दृष्टिरेषेपासून बाजूला होता, हे इतर पुराव्यांनी दाखविले. आणि न्यूट्रिनोंच्या अभावाशी ते जुळले. जे सापडले नाही त्याची प्रामाणिक नोंद करणे, हा विज्ञानाचा धर्म आहे. आमच्या सार्वजनिक जीवनात जे मुळी नव्हतेच ते सापडल्याची द्वाही रोज फिरविली जाते. त्या काळात शेकडो माणसे वर्षानुवर्षे शोध घेतात आणि ‘आम्हांस काही मिळाले नाही’ असे नावानिशी छापतात, हा धडा आम्हांस २,६०० कोटींपेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

खोट्या साक्षीदारास ओळखण्याचे कामही याच शास्त्रात मोडते, आणि त्यात भारताने कीर्ती मिळविली आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी एक लहर आली. सुमारे एका दिवसानंतर आकाशाच्या त्याच भागात मावळत जाणारा एक प्रकाशबिंदू दिसला. हा त्या लहरीचाच सोबती, असे मानण्याचा मोह साहजिक होता. पण भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणाची नोंद तपासून येथील शास्त्रज्ञांनी दाखविले की, तो प्रकाश नंतर झालेल्या एका वेगळ्याच गॅमा किरण स्फोटाचा होता. साक्षीदार खरा होता. खटला दुसरा होता!

आता हिंगोलीचे महत्त्व कशात आहे, ते स्पष्ट होईल. आइसक्यूबमध्ये वातावरणात जन्मलेले सामान्य न्यूट्रिनो दर काही मिनिटांनी एक, असे येतच असतात. तेव्हा लहर आली त्या सुमारास एखादा न्यूट्रिनो आला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. बाजारात चोरी झाली त्या वेळी रस्त्यावर दहा माणसे असतातच. तो न्यूट्रिनो त्याच दिशेने आला काय, हे विचारावे लागते. आणि त्यासाठी मुळात लहर कोठून आली ते नेमके ठाऊक हवे. २०१५ च्या पहिल्या लहरीचे ठिकाण सांगताना सुमारे ६०० चौरस अंशांचा आकाशपट्टा दाखवावा लागला. २०१७ साली इटलीतील ‘व्हर्गो’ हे तिसरे यंत्र जोडीला आले, तेव्हा हा प्रदेश अवघ्या २८ चौरस अंशांवर आला. पृथ्वीच्या पाठीवर या सर्वांपासून दूर, भारतासारख्या जागी आणखी एक यंत्र बसले, तर शोधाचे क्षेत्र आणखी आवळता येते. औंढा नागनाथची वेधशाळा ही केवळ संख्येत भर नव्हे. साक्षीदारांची ओळखपरेड तिच्यामुळे शक्य होणार आहे.

खर्चाचे म्हणाल, तर देशाच्या लोकसंख्येने भागिले असता तो माणशी वीस रुपयेही होत नाही, आणि तोही अनेक वर्षांत मिळून. पण ‘स्वस्त आहे म्हणून घ्या’ असे सांगणे आम्हांस शोभत नाही. केळीच्या बागेचा विमा आणि आकाशाचा अभ्यास यांपैकी एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढावे, हा पर्यायच खोटा आहे. विमा मिळत नाही तो वेधशाळेमुळे नव्हे, तर कचेरीतील दिरंगाईमुळे. आणि ती दिरंगाई वेधशाळा बंद केल्याने दूर होणार नाही.

आता आमच्या खऱ्या तक्रारीकडे वळतो. न्यूट्रिनोच्या शास्त्रात भारत एके काळी जगाच्या पुढे होता, हे किती वाचकांस ठाऊक आहे? १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. जगातील अशा पहिल्या नोंदींत ती गणली जाते. पुढे प्रयोग थांबला. २००१ साली खाणही बंद झाली. त्या परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणून तामिळनाडूतील तेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ च्या जानेवारीत मान्यता दिली. सुमारे १,५०० कोटी रुपयांचा तो प्रकल्प होता. दशक उलटून गेले, तरी तो बोगदा खणला गेलेला नाही. डोंगर, पाणी आणि वन यांबद्दल तेथील जनतेने शंका घेतल्या, न्यायालयांत वाद गेले, राज्य सरकार विरोधात उभे राहिले. त्या जनतेस आम्ही दोष देत नाही. गावकऱ्यांस विश्वासात घेण्याआधी नकाशे आखणारी आमची सरकारी रीतच त्यास जबाबदार आहे. त्या वेधशाळेचे मुख्य काम वातावरणातील न्यूट्रिनोंचा अभ्यास हे होते, हे खरे. परंतु तेथे जे हात आणि जी बुद्धी तयार झाली असती, ती आज कोठे आहे?

आणि येथे घाई करण्यास कारण आहे. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर एक तारा फुटल्याचे दिसले. प्रकाश दिसण्यापूर्वी काही तास जपान, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया येथील यंत्रांत मिळून अवघे दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले, आणि त्या दोन डझन कणांवर आजवर ग्रंथ लिहिले जात आहेत. मात्र तेव्हा लहरी टिपण्यास आजच्या तोडीचे यंत्र नव्हते. म्हणजे १९८७ साली कण आले, पण लहरीची नोंद नाही. २०१७ साली लहर आली, पण कण नाहीत. दोन्ही साक्षीदार एकाच सुनावणीस हजर, असा दिवस मानवाने अजून पाहिलेला नाही. आपल्या स्वतःच्या आकाशगंगेत तारा फुटेल त्या दिवशी तो योग येण्याची आशा आहे. असे स्फोट शतकात दोन-तीनच होतात, असा अंदाज आहे. तो उद्या होईल किंवा पन्नास वर्षांनी. तो आमच्या निविदांची वाट पाहत थांबणार नाही. चीनने आपले ‘जूनो’ हे भूमिगत न्यूट्रिनो यंत्र २०२५ साली सुरू केले. भारताजवळ त्या दिवशी काय असेल? लहर टिपणारे यंत्र वेळेत पुरे झाले तर एक साक्ष; आणि दुसरी साक्ष परक्यांच्या दप्तरातून उसनी!

या साऱ्याशी खान्देशाचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्याला आम्ही चाळीसगावजवळच्या पाटणादेवीस घेऊन जाऊ. सातमाळा-अजिंठ्याच्या त्या डोंगरकुशीत सापडलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ साली चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी त्यास दान दिले, असे तो लेख सांगतो. आणि ते दान कसले? पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा, आणि तेलाच्या घाण्यामागे एकेक पळी तेल! सव्वाआठशे वर्षांपूर्वी आमच्या पेठेने ग्रहगणिताचा संसार चालविला होता. गिऱ्हाइकाने कुरकुर केली नसेल, असे आम्ही म्हणत नाही. पण तो कर कोणत्या कामी जातो, हे मराठीत दगडावर खोदून त्याला सांगण्यात आले होते. आजच्या सरकारने निदान तेवढे तरी करावे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. औंढा नागनाथचे काम ठरल्या मुदतीत पुरे व्हावे आणि त्याच्या प्रगतीचा अहवाल मराठीत, दर वर्षी, जनतेपुढे ठेवला जावा. न्यूट्रिनो संशोधनाचा प्रश्न तेथील ग्रामस्थांशी समोरासमोर बसून सोडविला जावा. आणि ती जागा नको असेल तर दुसरी शोधावी, पण विषयच गाडून टाकू नये. तिसरी मागणी आमची आम्हांकडेच आहे. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनी प्रसिद्ध केलेली निरीक्षणे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आइसक्यूबही आपले महत्त्वाचे इशारे तत्काळ जगापुढे ठेवते. ती चाळण्यास डोंगराएवढे यंत्र लागत नाही. गणित, संगणक आणि चिकाटी लागते. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, अमळनेरचे प्रताप महाविद्यालय, जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि धुळ्यातील महाविद्यालये यांनी यासाठी एकत्र येऊन एक अभ्यासमंडळ काढले, तर शहादा-चोपड्याचा मुलगा किंवा साक्री-शिरपूरची मुलगी घरच्या घरी या शोधात भाग घेऊ शकेल. ज्या अमळनेरात १९१६ साली एका गिरणीमालकाने तत्त्वज्ञानासाठी मंदिर उभारले, त्या भूमीत आजच्या धनिकांना अशा मंडळाचा खर्च जड जाऊ नये. प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरल्या जाव्यात, ही अट मात्र त्यात आहे. शिक्षकावाचून अभ्यासमंडळ म्हणजे बैलावाचून औत.

हा दुसरा साक्षीदार केव्हा बोलेल, हे कोणीही सांगू शकत नाही. कदाचित या वर्षी, कदाचित आमची नातवंडे म्हातारी झाल्यावर. पण तो बोलेल त्या दिवशी ती नोंद वाचणाऱ्यांत खान्देशातले एखादे नाव असावे काय, हे मात्र आज, येथे, आमच्या हातात आहे. पाटणच्या पेठेने आपल्या वाट्याचे तेल घातले होते. आता पाळी आमची आहे.